छाटणी कोवळ्या वयातच हवी

पावसाळ्याच्या तोंडावर शहरांतील रस्त्याकडेच्या झाडांवर कुऱ्हाड चालते, आणि तिलाच छाटणी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वास्तविक छाटणीचा काळ म्हणजे झाडाची पहिली काही वर्षे. रोपाला दोन शेंडे फुटले की सरळ वाढणारा राखून दुसरा तेव्हाच काढावा. अन्यथा बेचक्यात साल दबून सांधा कच्चा राहतो आणि पुढे वादळात खोड तेथूनच चिरते. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. नवे लाकूड तिला केवळ वेढून घेते. अंगठ्याएवढी जखम लवकर झाकली जाते, मांडीएवढी बहुधा कुजते. काप घ्यावा तो फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर वळ्याच्या लगेच बाहेर. खोडाला घासून नव्हे, खुंट ठेवूनही नव्हे.

हे काम कात्रीचे, म्हणजे अल्प खर्चाचे. परंतु २०१९ साली राज्याने ३३ कोटींचे लक्ष्य ठेवले, ते लागवडीचे होते. संगोपनाला असा आकडा कोण लावतो? नगरपालिकांनी लागवडीच्या रकमेतच पहिल्या पाच वर्षांच्या छाटणीचा खर्च धरावा, आणि ते काम जाणत्या माळ्याकडे सोपवावे. तोडलेल्या लाकडावर मोबदला मिळवणाऱ्या ठेकेदाराकडे ते देऊ नये. त्याचा लाभ जाड फांदीतच असतो.