कूलरच्या टाकीतला गोळा

आधी माझीच एक चूक सांगतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना मी उदाहरण देत असे: खाल्लेल्या ऊर्जेतून खर्चलेली वजा केली की उरते ती चरबी, तेव्हा जाड माणसाने कमी खावे, की झाले! एकदा हे फळ्यावर लिहून वळलो, तर वर्गातला सर्वांत स्थूल मुलगा वहीत तोंड खुपसून बसला होता. समीकरण बरोबर होते. पण ते जमाखर्च सांगते, कारण सांगत नाही.

आपल्या अकोल्यात उन्हाळा आला की घरोघरी कूलर लागतात. काहींच्या टाकीत नळाला जोडलेला तरंगता गोळा असतो. दोन तांबे पाणी काढून पाहा. गोळा खाली जातो, नळ उघडतो आणि पाणी पुन्हा पहिल्या पातळीला येते. शरीराचेही पुष्कळसे असेच आहे. वजन घटू लागले की जठरातून घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक अधिक स्रवते (त्याचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी 1999 साली लावला) आणि शरीर ऊर्जाही जपून खर्चू लागते. मग उपास करूनही ज्याचे वजन परत येते, त्याला मनाचा दुबळा कसे म्हणावे?

अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी 1966 च्या सुमारास जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया सुरू केली. आज अधिक प्रचलित असलेल्या पद्धतीत जठराचा सुमारे पाऊण भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात. पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, हे अर्धेच खरे. घ्रेलिन स्रवणारा बराचसा भागही निघून जातो आणि आतड्यातील तृप्तीची संप्रेरके वाढतात. म्हणजे नुसती टाकी लहान केली नाही, गोळाच खालच्या पातळीला बसवला! मधुमेह तर कित्येकदा वजन फारसे उतरण्याआधीच आटोक्यात येऊ लागतो.

आपल्या विदर्भातील नितीन गडकरी यांनी 2011 साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली व ते लपवले नाही. एरवी लोक ती लपवतात. चष्मा कोणी लपवतो का?

अर्थात, हा बारीक दिसण्याचा सोपा मार्ग नव्हे. वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागा. उंची 1.6 मीटर आणि वजन 90 किलो असेल, तर उत्तर सुमारे 35 येते. त्यापुढे डॉक्टर शस्त्रक्रियेची शिफारस करतात. आशियाई लोकांत, विशेषतः मधुमेह असल्यास, त्याखालीही विचार होतो. नंतर बी-12, लोह वगैरेंच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात, आणि थोडे वजन परतही येऊ शकते.

फळ्यावरचे ते उदाहरण मी आता बदलले आहे. चरबीऐवजी बॅटरी घेतो.