तापी करार : सातपुड्यापलीकडचं पाणी हिवरखेडच्या शिवारापर्यंत येईल का?

हिवरखेड : 23 एप्रिल 2025 रोजी भारतानं सिंधू पाणी करार स्थगित केला अन् गावागावांत पाकिस्तानच्या पाण्याची चर्चा सुरू झाली. त्यानंतर 17 दिवसांनी, 10 मे रोजी, भोपाळमध्ये तेल्हारा तालुक्याच्या जास्त जवळचा करार झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री डॉ. मोहन यादव यांनी तापी मेगा रिचार्ज प्रकल्पावर सह्या केल्या. त्याची चर्चा मात्र चार दिवसांत थंडावली.

तापीची वाट समजून घेण्यासारखी आहे. ती मुलताईला उगम पावते अन् मेळघाटच्या उत्तर अंगानं वाहते. हिवरखेडच्या वर दिसणाऱ्या डोंगराची अलीकडची बाजू वान, पूर्णेला पाणी देते, पलीकडची तापीला. पुढं नदी बुऱ्हाणपूरला वळसा घालून महाराष्ट्रात येते, चांगदेवला पूर्णा तिला मिळते अन् सगळं पाणी गुजरातच्या उकाई धरणाकडं जातं. म्हणजे एका डोंगरावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जाऊन शेवटी एकाच नदीत भेटतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-रेतीचा जाड थर आहे, तो पाणी भराभर पितो. संत्रा-केळीच्या बोअरनं तोच उपसला गेला. खाली पूर्णेकाठी खारपाणपट्टा, तिथं बोअर मारून उपयोग नाही. खरिया गुटीघाटला बंधारा बांधून पुराचं पाणी कालव्यानं या थरात मुरवायचं, हा बेत आहे. आधीच्या 66 टीएमसीच्या धरणात 73 गावं बाधित होत होती, आता बंधारा 8.31 टीएमसीचा आहे. एकूण वापर 31.13 टीएमसी : मध्य प्रदेशला 11.76, महाराष्ट्राला 19.36. आपल्याकडं 2,34,706 हेक्टरला लाभ होईल, असं सरकार सांगते.

दोन राज्यांचं वाटप कागदावर झालं. खरी अडचण त्याच्या पुढं आहे. सिंधूच्या 1960 च्या करारातही नद्या देशांत वाटल्या गेल्या, कोणत्या जिल्ह्याला किती ते त्यात नाही. इथं तर डाव्या कालव्याचं पाणी आधी मध्य प्रदेशातून येणार, अकोला-अमरावती पुढच्या टोकाला. टेलच्या शेतकऱ्याला पाणी कसं मिळतं, हे कॅनॉलवर रात्री जागणाऱ्याला विचारावं!

वानचा अनुभव ताजा आहे. वारीचं हनुमान सागर धरण तालुक्यातलं, साठा सुमारे 82 दलघमी, सिंचनासाठी बांधलेलं. मग पिण्याच्या योजना एकेक करून त्यावर आल्या. अकोला शहराच्या अमृत योजनेसाठी, पुढं बाळापूरकडच्या 69 गावांसाठी आरक्षण निघालं तेव्हा तेल्हाऱ्याचे शेतकरी रस्त्यावर आले. तहानलेल्याला पाणी नको असं कोणीच म्हणत नव्हतं, पण रब्बीच्या पाळ्या कमी झाल्या तर भरपाई कशातून, याचं उत्तर कोणाकडं नव्हतं.

तापीच्या बाबतीत निदान हे आधी विचारता येईल. तेल्हारा-अकोटमधली कोणती गावं लाभक्षेत्रात आहेत, मुरलेलं पाणी पुन्हा बोअरनं उपसायला मर्यादा कोणती, अन् पाऊस कमी पडला तर पहिली कपात कोणाची? गावांची यादी ग्रामसभेत आणि तहसीलच्या फलकावर भूसंपादनाच्या नोटिशीआधी लागायला हवी.