नवा पक्षी आणि खरी नोंद

फाल्गुन सरत येतो, ज्वारीची काढणी आटोपते आणि जालना जिल्ह्यातील बांधाबांधांवर पळस फुलतो. कालपर्यंत कणसांवरून गोफणीने हाकललेल्या भोरड्यांचे थवे आता त्या फुलांवर उतरतात. पळसमैना हे त्यांचे दुसरे नाव त्यावरूनच पडले. मध्य आशिया व पूर्व युरोपातून आलेले हे पाहुणे परतीच्या वाटेवर असतात. त्यांना पाहण्यासाठी घाणेवाडीच्या तलावाकडे आणि गोदाकाठी निघणाऱ्या विद्यार्थ्यांचे व शिक्षकांचे कौतुकच केले पाहिजे.

मात्र या सहलींतून ‘नवी जात’ सापडावी, ही जी ओढ दिसते, तिचा थोडा विचार व्हावयास हवा. ओढ गैर नाही. घाई गैर आहे. रानपिंगळ्याची कथा या बाबतीत उद्बोधक आहे. 1884 नंतर या घुबडाचा खात्रीलायक नमुना मिळाला नव्हता. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला. पण तो नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, जुनाच होता. त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्याच दिशेने होत राहिला. पामेला रासमुसेन यांनी लबाडी ओळखली, जुन्या खऱ्या नोंदी आधाराला घेतल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. एका खोट्या नोंदीने दिशाभूल केली. प्रामाणिक नोंदींनी ती दूर केली.

जालन्यासारख्या जिल्ह्यात अशा नोंदींचे मोल अधिक आहे. सलीम अली यांनी 1931-32 मध्ये तत्कालीन हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. जालना त्याच संस्थानात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1981 मध्ये. त्यानंतर धरणे झाली, पिके बदलली, माळ नांगरले गेले. या स्थित्यंतरात कोणता पक्षी आला आणि कोणता दिसेनासा झाला, हे दुर्मीळ पक्ष्याच्या एका छायाचित्रावरून कळणार नाही. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात, चिमणी-टिटवीसह केलेल्या मोजणीवरूनच ते कळेल. दिनांक, वेळ, स्थळ, संख्या आणि ओळख पटली नसेल तेथे प्रश्नचिन्ह, एवढे एका शाळेच्या वहीला सहज जमण्यासारखे आहे.

आणखी एक भान आवश्यक आहे. याच दिवसांत टिटवी, धाविक यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती मातीच्या रंगात मिसळून जातात. नव्या पक्ष्यामागे धावणाऱ्या पावलांखाली ती चिरडू शकतात. शिवाय ज्या माळाला सरकारी कागद ‘पडीक’ म्हणतो, तोच या पक्ष्यांचा संसार असतो. पडीक म्हणून तो नांगरला किंवा सरसकट झाडे लावून झाकला, तर पुढील वसंतात नवा पक्षी राहो, जुनाही भेटणार नाही.

म्हणून सहली जरूर निघाव्यात. परंतु त्यांचे यश नव्या नावांच्या यादीवर मोजले जाऊ नये. माळावरची अंडी शाबूत ठेवून, खऱ्या नोंदींनी भरलेली वही घेऊन जे विद्यार्थी परततील, त्यांची सहल सार्थकी लागली असे म्हणावे लागेल.