नाताळची सुट्टी, पण शाळा कोणती?

डिसेंबरअखेर वाशी-नेरूळच्या शाळांना नाताळची सुट्टी लागते. घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबात मात्र कुलकुलांचे पीठ मोजताना अपूर्णांक होतात, गोठ्याचा देखावा उभारताना भूमिती. यात वावगे काहीच नाही. अडचण कायद्यात आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे. न घातल्यास शिक्षा मात्र नाही, आणि होमस्कूलिंगचा उल्लेखही नाही! वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर एनआयओएसमधून दहावी देता येते. तोवर मूल कोणत्याच हजेरीपटावर नसते. सरकारने साधी नोंदणी तरी सुरू करावी. मूल घरी शिकते आहे की घरकामाला जुंपले आहे, हेही त्यातून कळेल.