बारा तासांच्या दिवसाचा हिशेब

मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे लागले आणि कामाच्या दिवसाला सूर्यास्ताची असलेली मर्यादाही संपली. दिवेलागणीला थांबणारे साचे आता चौदा-पंधरा तास फिरू लागले. त्याआधी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला होता. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा एवढ्या साध्या मागण्या होत्या. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. पुढची प्रत्येक पायरीही अशीच रेटून मिळवलेली. कापडगिरण्यांतील पुरुष कामगारांना दिवसाला १२ तासांची मर्यादा १९११ मध्ये आली, आठवड्याला ६० तासांची १९२२ मध्ये, ५४ ची १९३४ मध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आली. वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ४८ तासांचा दंडक १९१९ मध्येच घातला होता, पण हिंदुस्थानला ६० तासांची वेगळी मोजपट्टी लावली. इथले उद्योग अजून बाल्यावस्थेत आहेत, ही त्यामागची सबब.

हा इतिहास आज उकरून काढण्याचे कारण सप्टेंबर २०२५ मधला राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय. कारखान्यांत दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तिमाहीतील ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास त्यात मंजुरी देण्यात आली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असा दिलासा दिला जातो. जरा बेरीज करून पाहावी. तिमाहीचे आठवडे १३; त्यांत १४४ तास वाटले तर आठवड्याला ११ येतात. ४८ मध्ये ते मिळवले की झाले ५९. पूर्वीच्या मर्यादेत ही बेरीज ५७ च्या आत राहत होती, तीही काही कमी नव्हती. म्हणजे दिवसाची मर्यादा १९११ च्या आकड्यावर आणि आठवडा १९२२ च्या आकड्याला जवळपास टेकलेला. आणि शरीर आठवड्याची सरासरी काढून थकत नाही, ते रोज थकते. बदलापूरहून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामाला येणाऱ्या बाईचे जाण्यायेण्याचे तीन तास धरले, तर बारा तासांच्या पाळीनंतर तिच्या हाती नऊ तास उरतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. नोकरदार बाईने त्यात कितीही काटकसर केली तरी ती मिनिटे शेवटी झोपेतूनच जाणार.

यावर पहिले उत्तर तयार असते : कामगाराची लेखी संमती असल्याशिवाय जादा काम नाही. ज्याचा गेटपास दर काही महिन्यांनी ठेकेदाराच्या मर्जीवर नवा होतो, त्याच्या सहीला संमती म्हणायचे का? कायद्याने तासांना मर्यादा घातली ती एकटा कामगार मालकापुढे नाही म्हणू शकत नाही म्हणूनच. ती मर्यादा पुन्हा त्याच्या एकट्याच्या सहीवर सोपवली, तर कायद्याचा मूळ हेतूच बाद होतो. कामगारांनाच ओव्हरटाइम हवा असतो, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आठ तासांच्या पगारात खोलीचे भाडे आणि मुलांची फी भागत नाही म्हणून तो हवा असतो. तेव्हा प्रश्न मूळ वेतनाचा आहे.

दुसरा आक्षेप स्पर्धेचा : आपण अडून बसलो तर गुंतवणूक परराज्यांत जाईल. तमिळनाडूने असाच बारा तासांचा कायदा एप्रिल २०२३ मध्ये संमत केला आणि कामगार संघटनांचा विरोध पाहून कामगारदिनी तो मागे घेत असल्याचे जाहीर केले. देशात सर्वाधिक कारखाने आजही त्याच राज्यात आहेत. जादा तास म्हणजे जादा माल, हे गणितही पहिल्या महायुद्धातच खोटे ठरले. ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत नेमलेल्या आरोग्य समितीला तास कमी केल्यावर उत्पादन टिकल्याचे, काही ठिकाणी वाढल्याचे दिसले. चार दिवस बारा तास राबून तीन दिवस मोकळे, हाच भविष्यातला आठवडा, असेही काही जण सांगतात. पण २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ६१ आस्थापनांनी चार दिवसांचा प्रयोग केला तो पगार तोच ठेवून तास घटवण्याचा होता, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो पुढेही चालू ठेवला. तेच ४८ तास चार दिवसांत कोंबणे हा वेगळा प्रकार आहे.

बारा तासांची ही मर्यादा सरकारने मागे घ्यावी. ते होईपर्यंत निदान तीन गोष्टी नियमांत हव्यात. संमती एकेकट्याकडून न घेता संघटनेमार्फत किंवा गुप्त मतदानाने घ्यावी. नकार देणाऱ्याचे काम काढले तर ते का काढले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असावी. आणि दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती सक्तीची करावी. युरोपीय संघातील देशांना १९९३ च्या कामवेळेच्या निर्देशापासून ती बंधनकारक आहे. बदलापूरच्या त्या बाईला आठ वाजता सुटून सकाळी सातच्या आत पुन्हा पंच करायला लावणे मग कोणालाही कायद्याने जमणार नाही.