शांततेचाही सराव लागतो

भिवंडी म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक यंत्रमाग, दुसरी दंगल. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेला हिंसाचार आणि त्याच्या चौकशीसाठी नेमलेला न्यायमूर्ती मादन आयोग जुन्या वाचकांना आठवत असेल. पुढे मे १९८४ ची दंगल तर ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. तिसरी गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली.

हा काही चमत्कार नव्हता. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसे आणि त्या भागातला पोलीस नियमित एकत्र बसू लागले. अशा बैठकीत कोणी अहिंसेवर प्रवचन देत नाही. तिथे गल्लीतली भांडणे निघतात, गाऱ्हाणी निघतात, माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागतात. मग अफवेच्या रात्री कोणाचे दार ठोठवायचे, हे ठाऊक असते. अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मधील आपल्या ग्रंथात भिवंडीचा दाखला दिला, तो यासाठीच.

पण गोष्ट इथे संपत नाही. ५ जुलै २००६ रोजी त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. ज्या दोघांना समितीने एका सतरंजीवर बसवले होते, तेच पोलीस आणि रहिवासी समोरासमोर उभे राहिले. अधिकारी बदलून जातात, समितीतली माणसे थकतात. १९९२ मध्ये जन्मलेले मूल २००६ मध्ये चौदा वर्षांचे होते. बापाने मिळवलेले शहाणपण मुलाला आपोआप मिळत नाही. ते शिकवावे लागते.

शिकवायचे कोणी? मला इथे कॅथलिक धर्मभगिनींचे नाव घ्यावेसे वाटते. त्यांच्या शाळांत सर्व धर्मांचे पालक विश्वासाने मुले पाठवतात. क्षमेची किंमतही त्यांच्यातल्या काहींनी मोजली आहे. मध्य प्रदेशात गरिबांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि मारेकरी समंदरसिंहाला राखी बांधून आली. १ जानेवारी २०१७ च्या शांतिदिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी अहिंसेचाच विषय घेतला आणि गांधीजींबरोबर खान अब्दुल गफारखानांचेही नाव घेतले. भिवंडीच्या वर्गात शिकवायला याहून जवळचा धडा कोणता?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, यात धर्मप्रसार दडला आहे काय? तो टाळायचा तर हे वर्ग सर्वांसमक्ष, सर्व धर्मांच्या शिक्षकांसह भरवावेत. राष्ट्र सेवा दलाची शाखा आणि मदरशातला शिक्षक, दोघांनाही त्यात जागा असावी. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. दंगलीत सापडणारा तरुण पुष्कळदा शाळेत नसतोच, तो मागावर रात्रपाळी करत असतो. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या या मुलांसाठी वर्ग त्यांच्या खोल्यांपाशी आणि त्यांच्या सुटीच्या वेळी न्यावे लागतील.

आणि शिकवायचे काय? आलेला निरोप पुढे धाडण्यापूर्वी पडताळायचा कसा, चिडलेल्या मित्राला अडवायचे कसे, अन्याय झाला तर दगड न उचलता दाद मागायची कशी. हा तिसरा धडा वगळला, तर शांतता म्हणजे गप्प बसणे, असा मुलांचा समज होईल, आणि तो त्यांना कधीच पटणार नाही.

आपण प्रत्येक दंगलीनंतर आयोग नेमतो, त्याचे अहवाल कपाटात ठेवतो. भिवंडीने १९९२ मध्ये जे करून दाखवले, त्याचा मात्र एकही धडा पाठ्यपुस्तकाच्या वाटेला जाऊ नये, याला काय म्हणावे?