पुडी पुरवणारे आपणच

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्तात कोलेस्टेरॉल पुष्कळदा निरोगी माणसापेक्षा कमी आढळते. भारतातल्या अनेक रुग्णालयांत हे तपासून झाले आहे. गाठ वाढते म्हणजे नव्या पेशी तयार होतात; पेशीच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागते, ते गाठ रक्तातून ओढून घेते. त्यात तोंड उघडेना, घास गिळवेना, मग अन्नातून भर पडणार कुठून? नुसत्या या आकड्यावरून रोग ओळखता येत नाही, हे खरे. पण ‘चरबी कमी निघाली, आता काळजी नाही’ असे गालात तंबाखू धरणाऱ्याने तरी म्हणू नये.

पूर्णेकरांनो, आपल्या जंक्शनवर अकोल्याची गाडी परभणी-नांदेडच्या मार्गाला मिळते. फलाटावर पाच मिनिटे उभे राहा आणि किती जण तळहातावर चुना-तंबाखू मळताना दिसतात ते पाहा. हे व्यसन त्यांना कोणी लावले? पाहुणा आला की चंची पुढे करणारे आपण. निंदणीला आलेल्या बायांना मिश्री आणि गड्यांना पुडी देऊन मजुरीत कसर काढणारे आपण. आठ वर्षांच्या पोराच्या हातात पैसे देऊन ‘जा, पुडी घेऊन ये’ म्हणणारा बापही आपल्यातलाच. सुपारीला तर आपण मंगल मानतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच तिला कर्करोगकारक ठरवले आहे.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी गुटखा मिळतो. लपवून विकणारा गुन्हेगार आहेच. पण गुटखा कुठे मिळतो हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि कोणी तोंड उघडत नाही, हाही गुन्हाच आहे. गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी तोंडाच्या कर्करोगानेच गेले. सारा महाराष्ट्र हळहळला, पण चंच्या काही सुटल्या नाहीत.

गाडीभाडे जमवून मुंबईला टाटा रुग्णालय गाठेपर्यंत अनेकांचा रोग हाताबाहेर गेलेला असतो. म्हणून आजच आरशासमोर तोंड उघडा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तोंडात तीन बोटे उभी जात नसतील, तर उद्या सकाळी सरकारी दवाखाना गाठा. आणि पोराला पुडी आणायला पुन्हा पाठवू नका.